निंब होता तिथंच आहे

वसंता,

तुझी शोकसभा चांगली झाली. तू नव्हतास, म्हणून वेळेत संपली.

कोरेगावात हॉल घेतला होता. सांगलीच्या कॉलेजातले तुझे जुने विद्यार्थी गाड्या करून आले होते. त्यांचीही आता टकलं पडली आहेत. टेबलावर तुझा हार घातलेला फोटो, एका बाजूला पृथ्वीचा गोल आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या रुमालावर तो शंखाची खूण असलेला काळा दगड. "सरांनी स्वतः हिमालयातून आणलेला दगड," असं सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या. स्वतः! तू आयुष्यात महाबळेश्वरच्या वर चढला नाहीस, आणि तिथंही तुला दोन स्वेटर लागायचे.

मग भाषणं झाली. तू चालतंबोलतं विद्यापीठ होतास म्हणे. चालायचास कमी, हे कुणी म्हणालं नाही. एका पुढाऱ्यानं तुला, भूगोलाच्या सरांना, दोनदा इतिहासाचे सर केलं. कोयनेच्या खोऱ्यात भूकंपानं जरा भांडी वाजली की टीव्हीवाले तुला फोन करायचे, हे सगळ्यांनी कौतुकानं सांगितलं. तू काय सांगायचास तेही मला पाठ आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेला रेटतोय, हिमालयाला धडक देतोय, त्याचा ताण. धरणाच्या पाण्याचं नाव मात्र तू टीव्हीवर कधी काढलं नाहीस. माझ्यापाशी बांधावर काढायचास. हिमालय लांब आहे, तो धरणवाल्यांसारखा भांडायला येत नाही.

शेवटी एक जण बोलायला उठला. तो म्हणाला, "सर आम्हाला समुद्र शिकवायचे तो शेताच्या बांधावरून. म्हणायचे, गावाकडं माझा एक शेजारी आहे. दरवर्षी नांगरताना माझा बांध दोन-तीन बोटं कोरतो. मी त्याला काही बोलत नाही. महासागराचा तळही वर्षाला तेवढाच सरकतो. पृथ्वीच बांध कोरते, तर माणसाचं काय घेऊन बसायचं? सरांचं मन असं समुद्राएवढं होतं!"

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, एवढंसुद्धा तू त्यांना शिकवलं नाहीस.

टाळ्या थांबल्या आणि आपल्या गावची माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. बघणारच. तुझ्या रानाला एका अंगाला डांबरी रस्ता आहे, दुसऱ्या अंगाला मी. रस्ता काही नांगर धरत नाही.

त्या बाईंनी माईकवरून मला हाक मारली. "सरांचे बालमित्र मारुतीआबा दोन शब्द बोलतील." मी उठलो. "वसंता मोठा माणूस होता," असं म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. एकानं पाणी आणून दिलं.

गळा दाटला नव्हता, वसंता. थुंकी आली होती.

आता तुझे विद्यार्थी स्मरणिका काढताहेत. परवा एकाचा फोन आला, "आबा, हृद्य असं काहीतरी लिहा." मी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूस. हृद्य कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. जे झालं ते लिहितो. छापायचं असेल तर छापा, नसेल तर वड्याला गुंडाळा.

सांगलीकरांना आपली रानं माहीत नाहीत, म्हणून आधी ती सांगतो. रस्त्याला लागून वसंताचं रान. त्याच्या पुढं माझं. माझ्या पुढं इंदूवहिनींचं, म्हणजे माझ्याच भावकीतल्या एका भावाच्या बायकोचं. तो भाऊ लवकर गेला, रान त्या बाईनं एकटीनं कसलं. घेवडा, आलं, जमेल ते. त्यांच्या पुढं ओढा. ओढ्यापुढं कुणाचं काही नाही. बांध कोरायचा म्हणजे काय, तेही शहरात राहून विसरला असाल तर सांगतो. नांगराचा शेवटचा तास, म्हणजे शेवटची रेघ, शेजाऱ्याच्या बांधाला चाटून घ्यायचा. कुदळ नको, भांडण नको. आपल्या बाजूनं बांध खरवडायचा, शेजाऱ्याच्या बाजूनं त्याला मातीची भर द्यायची. एका वर्षात कुणाला दिसत नाही. वीस वर्षांनी दिसतं, पण तोवर बघणाऱ्याची नजर गेलेली असते.

तर पहिली गोष्ट. बांध मी कोरला नाही. तू कोरलास. माझ्या अंगाला, दरवर्षी, सांगलीहून नांगरटीला येऊन, नेमानं. आणि सांगलीत पोरांना उलटं सांगून वर समुद्राएवढ्या मनाचा झालास. चोरी करावी आणि त्याच चोरीवर आपल्या क्षमेचा धडा शिकवावा, असली हुशारी मी फौजेतल्या स्टोअरकीपरमध्येही पाहिली नाही.

हे मी शोकसभेत का बोललो नाही? हॉलमधल्या कुठल्याही शेतकऱ्यानं लगेच विचारलं असतं, "आबा, त्यांनी तुमचं एवढं खाल्लं, तर तुमचं रान अजून मापात पुरं भरतं कसं?" त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते देण्याची हिंमत नव्हती. म्हणून दोन शब्द बोललो आणि बसलो.

त्या दगडाचंही सांगून टाकतो. लडाखच्या बाजूला पोस्टिंग असताना एका नाल्यात मला तो सापडला. बर्फाच्या मुलखात, समुद्रापासून कुठल्या कुठं, आणि दगडात शंखासारखी वळी. सुट्टीवर आलो तेव्हा आईला दिला. तिनं शाळिग्राम म्हणून देवघरात ठेवला, रोज तुळस वाहायला लागली. तू आलास, बघितलास आणि तुझे डोळे चमकले. अशी भूक मी तुझ्या डोळ्यांत दुसऱ्या कशासाठी पाहिली नाही, बांधासाठीसुद्धा नाही.

"काकू, हा देव न्हाई," तू म्हणालास. "हा समुद्रातला जीव हाय. आपला देश पूर्वी लांब दक्षिणेला व्हता. तो सरकत सरकत वर गेला. मधी एक मोठा समुद्र व्हता, तो मिटला. त्याचा तळ चेपून वर उचलला, त्याचाच हिमालय झाला. म्हणून तिथं शंख घावतो."

आई म्हणाली, "आसूं दे की रं. समुद्रातनं एवढ्या वर चढला म्हंजे देवच की त्यो."

तुला उत्तर सुचलं नाही. तुला उत्तर न सुचलेलं मी दोनदाच पाहिलं, त्यातलं ते पहिलं. आई गेल्यावर तू दगड मागून नेलास, "वर्गात दाखवतो आणि परत देतो" म्हणून. त्यानंतर तो तुझ्या हिमालयाच्या मोहिमेत सापडला. मोहीम! मी तिथं बोटं बधिर करून घेत होतो, तेव्हा तू सांगलीत भडंग खात होतास.

पण खोटं लिहीत नाही. त्या दिवशी आईपुढं बसून तू जे सांगितलंस, ते मी त्याआधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. तो डोंगर मी महिनोन् महिने पायांखाली घातला होता आणि तो काय आहे ते मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ड्यूटीवर उभा राहिलो तेव्हा समोरच्या कड्यात मला पाणी दिसायला लागलं. ते तुझ्यामुळं. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोललो नाही. तू तेवढ्यावर आणखी दोन बोटं घेतली असतीस.

पेन्शनीत आलो, तूही रिटायर होऊन गावात आलास, आणि आपल्या संध्याकाळच्या बैठका सुरू झाल्या. माझ्या आणि इंदूवहिनींच्या रानांमधल्या निंबाखाली. काय त्या बैठका! तू काडीनं मातीत रेघा ओढायचास आणि मी तुझ्या चुका काढायचो. आपल्या पायाखालचा काळा दगड कसा आला, ते तू तिथंच सांगितलंस. जमिनीखाली खोल एक तापलेली जागा होती, आपला मुलूख तिच्यावरून सरकत गेला तेव्हा खालून रसाचे थरावर थर आले. ती जागा आता दक्षिणेला, भर समुद्रातल्या एका बेटाखाली आहे.

"म्हणजे ती जागा सरकली?" मी विचारलं.

"गाढवा, ती हाय तिथंच हाय. आपुन सरकलो."

मग तू समुद्राच्या मधल्या डोंगरांवर आलास. पाण्याखाली एक लांबच लांब भेग, तिच्यातून रस वर येतो, थिजतो, नवा तळ होतो, आणि जुन्या तळाला दोन्हीकडं ढकलतो. असाच आपला पश्चिमेचा समुद्र उघडला. पलीकडची जमीन पलीकडं गेली, आपली काठावर वर उचलली गेली, तिचा सह्याद्री झाला. म्हणून महाबळेश्वराला पडलेलं पाणी जवळचा समुद्र सोडून पाठ फिरवतं आणि सातारा-सांगली करत पूर्वेच्या समुद्राला जातं. तू हे सांगायचास तेव्हा तुझ्यावर राग धरणं अवघड व्हायचं. मी तरी नेटानं धरायचो.

एकदा मी तुला कोंडीत धरलं. म्हणालो, "वसंता, तळ जर रोज नवा निघतोय, तर पृथ्वी फुगत का न्हाई? का थापा मारतोयस?"

तू हसलास. काडीनं लांब दुसरी रेघ ओढलीस. "जेवढं हितं निघतं तेवढं तितं खाली जातं. खोल खळगा असतो, त्याला गर्ता म्हणायचं. जुना तळ तिच्यात शिरतो आणि गडप हुतो. मधला पट्टा हाय तेवढाच दिसतो, पण मारत्या, त्यो जागेवर नसतो."

मी म्हणालो, "समजंल असं सांग."

तू मान वळवून आधी तुझ्या रानाकडं बघितलंस, मग माझ्या. "तुझं रान बघ की. मी तुझं घेतो, तू फुडचं घेतोस. तुझी रुंदी हाय तेवढीच. गर्ता कुठं हाय ते मी सांगायला पायजे व्हय?"

पुढच्या रानात इंदूवहिनी घेवड्याच्या शेंगा तोडत होत्या. वाकलेल्या होत्या. ऐकू गेलं असेल, नसेल.

मी काय केलं? मी हसलो, वसंता. मोठ्यानं हसलो. मला तुझा दाखला आवडला.

तर ही दुसरी गोष्ट, आणि हीच खरी. तू माझा बांध खाल्लास, ते मला पहिल्या वर्षापासून, फौजेतून सुट्टीवर यायचो तेव्हाही, दिसत होतं. तुझ्याशी भांडलो असतो तर भूगोलाच्या सरांशी हवालदार भांडला म्हणून गाव हसलं असतं. मग मी तुला तुच्छ मानायला लागलो. तुच्छ मानणं सोपं असतं, घरबसल्या होतं. आणि नांगरवाल्याला मी सांगितलं, "पलीकडल्या अंगाला जरा चाटून घे." तुझं नुकसान मी तुझ्याकडून वसूल केलं नाही. जिच्या पुढं फक्त ओढा होता, तिच्याकडून केलं. ती कुणाचं खाणार होती? पाण्याचं? ओढा तर पावसाळ्यात उलट तिचंच खायचा.

तू चोर होतास ते होतासच. पण तुझ्या चोरीला तुझी हाव तरी होती. माझ्या चोरीला तीसुद्धा नव्हती. मला नुसतं भरलेलं राहायचं होतं.

मलकापूरच्या दवाखान्यात तुला शेवटचा भेटलो, तेव्हा तू नाकातली नळी बाजूला करून म्हणालास, "मारत्या, बांधाचं मिटवून टाकू या. इंदूवहिनीस्नी सांगू या."

"तू आधी माझं सोड. मग मी त्यांचं सोडतो."

"तू आधी सोड की. मी हितं पडलोय."

"पडायच्या आधी चांगला हुबा व्हतास की."

दोन म्हातारे, एक कॉटवर आणि एक स्टुलावर, कुणी आधी प्रामाणिक व्हायचं यावरून घासाघीस करत होते. तू म्हणालास, "बरा झालो की दोघं मिळून दोरी धरू." मी म्हणालो, "तू आणि दोरी! तू खडू धर." तू हसलास, हसता हसता ठसका लागला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. हे आपलं शेवटचं बोलणं. पाय धरून क्षमा मागावी अशी मैत्री आपली नव्हती. पण खडूचं मी बोलायला नको होतं.

तुझी राख माहुलीला संगमात सोडली. मी काठावर उभा होतो. मनात आलं, आता हा सांगलीवरून जाणार, तिथं जुन्या विद्यार्थ्यांना नमस्कार करायला लावणार, मग आलमट्टीच्या गाळात काही वर्षं मुक्काम. तिथून सुटलाच तर पूर्वेच्या समुद्रात. आणि तो समुद्रतळही सरकत सरकत पार तिकडच्या गर्तेत जातो, हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे उशिरा का होईना, तू जातोयस तिथंच जिथं इंदूवहिनींना आपण घातलं. मला बरं वाटलं. मग काठावर बसून रडलो. तुझा मुलगा म्हणाला, "काका, सावरा."

त्याच मुलाला तेराव्यानंतर मी बांधाचं सांगितलं. तो पुण्याला कुठल्याशा कंपनीत आहे. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, बाबा आता नाहीत. असे आरोप बरे दिसत नाहीत." आरोप! तुझंच पोर. मी म्हटलं, राहू दे. तुझी वाट बघत मी इतकी वर्षं भरलेला राहिलो, आता तुझ्या मुलाची कुठं बघू?

मग इंदूवहिनींकडं गेलो. त्या आलं निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फौजेत रिपोर्ट देतात तसं. दरवर्षी मी तुमचा बांध कोरत होतो, मला माफ करा.

त्यांनी मान वर केली नाही. "आन् आज कसं आठावलं? सर गेलं म्हनून?"

"व्हय."

"म्हंजी त्यांच्या भ्यानं खात व्हतासा?"

मी खाली बसलो.

"आवं भाऊजी, मी लगीन करून आले तवा त्यो निंब बांधावर व्हता. बांधाच्या मदोमद. आता तुमच्या रानात हाय. झाडं काय चालत्यात व्हय? तुमी दोगं रोज त्याच्याच बुडात बसून जग कसं सरकतंय ते सांगत व्हतासा. लय हसायचे मी."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले की. तुमी पेन्शनीत आलासा त्याच साली. तुमच्यासमोर सरांस्नी म्हनलं, सर, निंब कुटं व्हता वो? सर गप बसलं. तुमी म्हनलासा, वहिनी, चा टाका."

तुला उत्तर न सुचलेलं ते दुसरं. मी विसरलो होतो, वसंता. तू विसरला नसशील. आणि त्यानंतरच कधीतरी तू तो गर्तेचा दाखला दिलास आणि मी हसलो. तू तेव्हा मला चिडवत होतास, की पहिला शब्द माझ्या तोंडून यावा म्हणून वाट बघत होतास, ते आता कुणाला विचारू? तुला विचारलं असतं तरी तू मला हिमालय सांगितला असतास.

गेल्या आठवड्यात मी ट्रॅक्टर लावून बांध मागं घेतला. निंबापासून ओढ्याच्या वाटेवरच्या जुन्या दगडापर्यंत सरळ. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद करून विचारलं, "आबा, उलटा बांध घालायचा? आपल्याच रानात?" त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चकवा लागला. दोनदा विचारून मग त्यानं नांगर टाकला. तुझ्या अंगाचा बांध आहे तिथंच आहे, त्यामुळं माझं रान आता दोन्हीकडून अरुंद झालंय. उसाच्या सऱ्या कमी बसतील. बसू देत.

समुद्राचा तळ मागं येत नाही, असं तू सांगितलं होतंस. एकदा खाली गेला की गेला. त्यावर मी कसा कोण जाणे वाद घातला नव्हता. आज घालायला तू हवा होतास.

दगडाचं मी स्मरणिकेत लिहिणार नव्हतो, पण लिहून बसलो. असू दे. त्या मुलांनी तो कॉलेजात ठेवायचा ठरवलंय, खाली तुझं नाव लिहून. लिहू देत. आईला काय, देव कुठंही असला तरी चालायचा.

इंदूवहिनी आभार मानायला आल्या नाहीत. मी वाटही बघितली नाही. काल संध्याकाळी सवयीनं निंबाकडं गेलो, तर आपल्या बसायच्या जागेवर, बांधावर, त्यांनी शेळी बांधली होती. मला न विचारता.

मी तिथूनच मागं फिरलो आणि घरी आलो.